पांढरी मोजता, मग काळी कोण मोजणार?



जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असत. घरे उभी ती पांढरी आणि पीक उभे ती काळी. दोन्ही मिळून गाव होई. आजच्या सरकारी हिशेबात गाव म्हणजे फक्त पांढरी. तीसुद्धा २०११ साली मोजलेली.

आपल्या खानदेशाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधून पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारी तापी. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपड्याकडे विहिरीला पाणी लागले, केळी उभी राहिली, तिथे गावेही मोठी झाली. फैजपूर, सावदा, न्हावी ही गावे कशी गजबजलेली ते आपण पाहतोच. १९३६ साली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले, तिथे शेतीचा कार्यक्रमही मंजूर झाला. (त्या कार्यक्रमाचे पुढे काय झाले, ते विचारू नका.) आता तापी ओलांडून दक्षिणेला या. अमळनेर, पारोळे, शिंदखेडे, धुळे तालुक्यांचा कोरडवाहू पट्टा. खोल काळी जमीन असेल तिथे दादर, बाकी बरड, मुरमाड. नाल्याला पाणी टिकते तिथेच वस्ती. म्हणून गावे लहान, एकमेकांपासून लांब, आणि शिवार भले मोठे. शे-सव्वाशे उंबऱ्यांचे गाव, पण शेवटच्या बांधापर्यंत चालत जायला तास लागतो.

अशा गावाला सरकार लहान गाव म्हणते. लहान कशाने? कापसाचे गाठोडे बांधताना कोणी विचारत नाही की हा कापूस लहान गावचा की मोठ्या. जिनिंगच्या काट्यावर क्विंटल तो क्विंटल. रस्ता, शाळा, एसटी द्यायची वेळ आली की मात्र डोकी मोजायला सुरुवात होते.

पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली आली. सपाट मुलखात पाचशेच्या वरची वस्ती पात्र, डोंगरी आणि आदिवासी भागात अडीचशेची. २०२४ साली तिचा चौथा टप्पा मंजूर झाला, तरी माणसे मोजायला वही २०११ चीच. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींचा पैसा राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के वजन लोकसंख्येला दिले, १० टक्के क्षेत्रफळाला. शंभरातले नव्वद पांढरीला, दहा काळीला. शाळेचे तेच. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची हालचाल राज्यात सुरू झाली. अशा शाळा साडेचौदा हजारांहून अधिक निघाल्या. मुक्कामी गाडीला भारमान नाही म्हणून ती बंद. गाडी बंद म्हणून आठवीनंतर मुलींची शाळा बंद. शाळा नाही म्हणून ज्याला परवडते तो तालुक्याला खोली घेतो, आणि पुढच्या वर्षी पट आणखी खाली. लोक गेले म्हणून सोयी काढल्या की सोयी काढल्या म्हणून लोक गेले, हा हिशेब कोणत्याही कचेरीत मांडला जात नाही.

शहराची व्याख्या तर ऐकण्यासारखी आहे. जनगणनेचे खाते एखाद्या गावाला शहरात धरते तेव्हा तीन गोष्टी पाहते. वस्ती पाच हजारांच्या वर, एका चौरस किलोमीटरला चारशे माणसे, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांत शंभरातले पंचाहत्तर शेतीबाहेरचे. म्हणजे शेती सुटली की बढती! १९६१ साली महाराष्ट्रात शंभरातले २८ लोक शहरात राहत, २०११ साली ४५. जळगाव जिल्हा २००१ ते २०११ या दहा वर्षांत ३६ लाख ८२ हजारांवरून ४२ लाख २९ हजारांवर गेला. पुढारी हा आकडा अभिमानाने सांगतात. त्यातले किती कोरडवाहू पांढरीवर टिकले, ते कोणी सांगत नाही. त्याच मोजणीत राज्यातली अडीच हजारांहून अधिक गावे बिनवस्तीची निघाली. नाव आहे, नकाशा आहे, सातबारा आहे, चूल नाही. अशा गावाला महसुली कागदात बेचिराख म्हणतात.

गाव बेचिराख होणे खानदेशाला नवे नाही. १८०२ ते १८०४ च्या लुटालुटीने आणि दुष्काळाने इथली गावेच्या गावे उठली. पण तेव्हाच्या राज्यकर्त्याला त्याची धास्ती वाटे. पांढरी उठली की काळी पडीक, काळी पडीक की सारा बुडाला. म्हणून उजाड गाव वसवायला कौल देत. पहिली काही वर्षे सारा नाममात्र, मग दरसाल थोडा चढता. त्याला इस्तावा म्हणत. त्यात दयामाया नव्हती, व्यवहार होता. आजच्या सरकारला आपल्या साऱ्याची गरज उरलेली नाही. त्याला गरज आहे स्वस्त कापसाची, आणि तो आपल्या गावातून नाही मिळाला तर बंदरातून येतो. २०२५ च्या ऑगस्टात कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट वर्षअखेरपर्यंत लांबवली. नेमका आपला कापूस बोंडात फुटायचा काळ!

अमेरिकेतही हे घडले आहे. नेब्रास्का राज्यात, गवताळ मैदानाच्या मुलखात, मोनोवाय नावाचे गाव आहे. एकेकाळी शे-दीडशे वस्ती होती. २०१० च्या जनगणनेत तिथे एक माणूस उरला, एक म्हातारी बाई. नगराध्यक्षही तीच, कारकूनही तीच. पण त्या मुलखातली शेती काही थांबली नाही. थोड्या माणसांनी, मोठ्या यंत्रांनी ती चालूच आहे. काळी राहिली, पांढरी गेली.

आता कोणी म्हणेल, शेतीत भागत नसेल तर लोकांनी गाव सोडले तर बिघडले काय? माझेही म्हणणे तेच आहे. गावच्या मातीचे गोडवे गाऊन कोणाच्या पोराला नांगराला जुंपून ठेवायचे नाही. दारावर कुलूप दिसले आणि शेजाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, ‘सुरतले गयात.’ जावे, चार पैसे मिळवावे. पण कापसाला भाव मिळून, पोटभर खाऊन, मर्जीने जाणे वेगळे. भाव पाडून, गाडी काढून घेऊन, शाळा मोडून, मग ‘गावात माणसेच नाहीत’ असे म्हणणे वेगळे. पहिले स्थलांतर, दुसरे हुसकावणे.

आणि आता मुद्द्याचे. सोळा वर्षांनी जनगणना होते आहे. तिचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे आणि डोकी मोजायचे काम फेब्रुवारीत आहे. आपल्या पट्ट्यात फेब्रुवारीत गावात असते कोण? चाळीसगाव, पारोळे, साक्रीकडच्या टोळ्या तेव्हा उसाच्या फडात असतात, कोणी नगर-नाशिककडे, कोणी बारडोलीकडे. कोणी वीटभट्टीवर. आजवरचा नियम असा आहे की मोजणीच्या पूर्ण काळात जो गावाबाहेर, तो गावच्या यादीत धरायचा नाही, जिथे सापडेल तिथे धरायचा. म्हणजे आपला माणूस कारखान्याच्या गावात मोजला जाणार आणि पुढची दहा-पंधरा वर्षे त्याच्या नावाचे वजन तिकडच्या पारड्यात. गावात उरलेली म्हातारी आणि पोरे मोजून सांगणार, वस्ती पाचशेच्या आत.

दुसरी फसगत कामाच्या रकान्यात होते. निंदणी, वेचणी करणाऱ्या बाईला घरचा माणूसच विचारल्यावर सांगतो, ‘ती घरीच असते.’ वर्षात सहा महिने काम असेल तर मुख्य काम करणारी, कमी असेल तर सीमांत, असा तिथला नियम आहे. आपण लक्ष्मीमुक्तीत सातबाऱ्यावर तिचे नाव लावायला निघालेली माणसे. जनगणनेच्या कागदावर तिला रिकामी लिहवून देणार का? मोजणीवाला आला की उत्तर तिने स्वतः द्यावे.

जिल्हा बैठकीत दोन ठराव आणायचे आहेत. वित्त आयोगाचा पैसा वाटताना क्षेत्रफळाचे वजन दहावरून वाढवा, हा एक. त्याला वेळ लागेल, दिल्लीपर्यंत भांडावे लागेल. दुसरा आपल्या हातातला आहे. गावोगावच्या ग्रामसभेने हंगामी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची यादी करावी, किती माणसे, कोणत्या महिन्यात जातात, कधी परततात. ती तहसीलदाराकडे देऊन पोच घ्यावी आणि ही माणसे आमच्या गावची म्हणून मोजा, अशी लेखी मागणी करावी. ज्यांना मोजणीच्या काळात दोन दिवस घरी येऊन जाणे जमेल, त्यांनी यावे. मुकादमाशी बोलणी करतानाच तेवढी सुटी ठरवून घ्यावी.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात. गाडी भरायच्या आत यादी झाली पाहिजे.