जगज्जेत्याचा वारसा आणि बाजाराचा ताळेबंद

हेवीवेट अजिंक्यपदाची एखादी मोठी लढत जवळ आली की मुष्टियुद्धाच्या शौकिनांत एक जुना वाद नव्याने पेटतो. आजचा विजेता थोर की कालचा? याचा ठोसा जड की त्याचे पदलालित्य सरस? याने ज्यांना हरवले ते ऐन भरात होते की उताराला लागले होते? मग आकडे काढले जातात, जुन्या चित्रफिती पाहिल्या जातात आणि अखेर सर्वांना एकाच तराजूत घातले जाते. त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बहुधा एकच नाव असते : महंमद अली. येणाऱ्या लढतीत विजेता जिंकला तर तो अलीच्या पंक्तीला बसणार की नाही, यावर माणसे रात्र रात्र वाद घालतात. या वादात सारे काही मोजले जाते. फक्त त्या लढतीचे पैसे कोठून आले आणि तिची किंमत कोणाच्या मेंदूने चुकविली, एवढेच कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न न विचारण्याची किंमत किती भयंकर असते, याचा दाखला खुद्द अलीच्याच चरित्रात आहे. 2 ऑक्टोबर 1980 रोजी लास व्हेगास येथे अली आणि लॅरी होम्स यांच्यात अजिंक्यपदाची लढत झाली. अली तेव्हा 38 वर्षांचा होता. दोन वर्षे तो आखाड्यात उतरलेला नव्हता. होम्स एकेकाळी त्याच्याच सरावातील जोडीदार होता आणि आता अपराजित जगज्जेता होता. लढतीपूर्वी शौकिनांत दोन तट पडले. ज्याने लिस्टनला नमविले, फोरमनला लोळविले आणि स्पिंक्सकडून गमावलेले पद सात महिन्यांत परत मिळविले, त्याला चौथ्यांदा अजिंक्यपद का मिळू नये, असे एक तट म्हणत होता. अलीला हरविल्याशिवाय होम्सचे राज्य खरे नव्हे, असे दुसरा म्हणत होता. एकाला अलीचा वारसा वाढवायचा होता, दुसऱ्याला होम्सचा वारसा सिद्ध करायचा होता. अलीला वाचवायचे मात्र कोणालाच नव्हते.

वस्तुस्थिती लपलेली होती असेही नाही. 1977 मध्ये अर्नी शेव्हर्सबरोबर झालेल्या पंधरा फेऱ्यांच्या लढतीनंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हाती मूत्रपिंडांची हानी दाखविणारा अहवाल आला होता. त्यांनी तो अलीच्या निकटवर्तीयांना पाठविला. उत्तर आले नाही, म्हणून ते त्याचा तळ सोडून गेले. 1980 च्या जुलैमध्ये मेयो क्लिनिकमध्ये अलीची तपासणी झाली, तिच्या अहवालात बोलण्यातील आणि हालचालींतील दोषांची नोंद होती. तरीही नेवाडा राज्याने परवाना दिला. कारण परवाना नाकारला असता तर अली घरी बसला असता. पण त्याबरोबर जुगारगृहाची गर्दी, दूरचित्रवाणीचे हक्क आणि प्रवर्तकाचा नफाही घरी बसला असता.

त्या रात्री जे घडले त्याला लढत म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. तिन्ही परीक्षकांनी प्रत्येक फेरी होम्सला दिली. होम्स स्वतःच ठोसे आवरीत होता, आता थांबवा अशा नजरेने पंचांकडे पाहत होता. दहाव्या फेरीनंतर अँजेलो डंडी यांनी लढत थांबविली. विजेता होम्स त्या रात्री रडला. प्रवर्तक डॉन किंग यांनी कबूल केलेल्या 80 लाख डॉलरपैकी सुमारे 11 लाख 70 हजार डॉलर अलीला कमी मिळाले. त्याने दावा लावला. पुढे 50 हजार डॉलरवर तो मिटविण्यात आला. एवढ्यावरही कोणाचे समाधान झाले नाही. 1981 च्या डिसेंबरमध्ये अलीला बहामात ट्रेव्हर बर्बिकसमोर पुन्हा उभे करण्यात आले. 1984 मध्ये त्याला पार्किन्सनची लक्षणे असल्याचे निदान जाहीर झाले. ज्या वाणीने अमेरिकेच्या सत्ताधीशांना घाम फोडला होता, ती वाणी पुढील तीस वर्षे हळूहळू विझत गेली.

यावर एक ठरलेले उत्तर तयार असते. अलीला कोणी बेड्या घालून आखाड्यात नेले नव्हते. त्याने स्वेच्छेने करार केला, लाखो डॉलर घेतले, मग तक्रार कसली? हे उत्तर गिरणीमालकाच्या तोंडी शोभणारे आहे. कामगार स्वेच्छेनेच गिरणीत येतो, स्वेच्छेनेच कापसाची धूळ छातीत भरून घेतो, असेच मालकही म्हणत आले. ज्या समाजात काळ्या मुलापुढे दारिद्र्यातून सुटण्याचे मार्गच मोजके ठेवलेले असतात, तेथे त्यांपैकी एक मार्ग त्याने निवडला याला स्वातंत्र्य म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. जो फ्रेझर दक्षिण कॅरोलायनातील गरीब शेतकरी कुटुंबातून आला. लॅरी होम्सने लहानपणीच शाळा सोडली आणि मोटारी धुण्याचे काम धरले. मुष्टियुद्धाचा इतिहास हा स्थलांतरितांच्या आणि दलितांच्या वस्त्यांचा इतिहास आहे : आधी आयरिश, मग ज्यू व इटालियन, मग काळे आणि मेक्सिकन. ज्या जमातीची पोटे भरू लागली त्या जमातीची मुले हळूहळू आखाड्यातून बाहेर पडली. श्रीमंतांची मुले या खेळात का दिसत नाहीत, याचे उत्तर शरीरशास्त्रात नाही, अर्थशास्त्रात आहे.

जो लुईची कथा तर राष्ट्रप्रेमाचे ढोल बडविणाऱ्यांनी पाठ करून ठेवावी अशी आहे. 1942 मध्ये या जगज्जेत्याने दोन लढतींची आपली कमाई अमेरिकेच्या नौदलाच्या आणि भूदलाच्या मदतनिधींना दिली आणि तो स्वतः सैन्यात भरती झाला. युद्ध संपल्यावर त्याच सरकारने प्राप्तिकराच्या थकबाकीसाठी त्याचा पिच्छा पुरविला. कर्ज फेडण्यासाठी त्याला निवृत्तीतून परत यावे लागले आणि 1951 मध्ये रॉकी मार्सियानोने त्याला दोरांबाहेर फेकलेले जगाने पाहिले. शेवटची वर्षे त्याने लास व्हेगासच्या एका जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करण्यात काढली. 1980 मध्ये अलीचा जेथे बळी गेला, त्याच जुगारगृहात. सरकारची आज्ञा मानून लढणारा लुई आणि ती आज्ञा धुडकावणारा अली, दोघांचाही हिशेब व्यवस्थेने एकाच वहीत केला.

अलीचा खरा वारसा मात्र या वहीत मावत नाही, म्हणूनच तो सोयीस्करपणे विसरला जातो. 28 एप्रिल 1967 रोजी ह्यूस्टन येथे त्याने सैन्यभरतीला नकार दिला. आपल्याच देशात ज्यांना माणूस म्हणून वागविले जात नाही त्यांनी दहा हजार मैलांवरच्या गरीब व्हिएतनामींना का मारावे, हा त्याचा साधा सवाल होता. त्यासाठी त्याचे अजिंक्यपद हिरावले गेले, पासपोर्ट गेला, पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड झाला. पंचविसाव्या वर्षी, शरीर ऐन भरात असताना, तो साडेतीन वर्षे आखाड्याबाहेर राहिला. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. गेलेली वर्षे कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नव्हते. अलीच्या कारकिर्दीचे आकडे मोजणाऱ्यांनी या साडेतीन वर्षांतील न झालेल्या लढती आधी मोजाव्यात. त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विजय त्यांतच आहे.

आणि हेच शासन पुढे त्याची पूजा बांधू लागले! 2005 मध्ये इराकमध्ये रक्त सांडत असताना राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याच अलीच्या गळ्यात देशाचे सर्वोच्च नागरी पदक घातले. तोवर अली बोलू शकत नव्हता. बोलणाऱ्या बंडखोराला तुरुंग आणि मुक्या बंडखोराला पदक, ही सत्ताधीशांची रीत जगभर सारखीच आहे. महाराष्ट्राला ती नवी नाही. येथेही हयातीत ज्यांना दगड मारले त्यांचे नंतर पुतळे उभारले जातात आणि पुतळ्यांच्या सावलीत त्यांचे विचार पुरले जातात. 2006 मध्ये अलीच्या नावाचे आणि प्रतिमेचे ऐंशी टक्के हक्क एका कंपनीला पाच कोटी डॉलरना विकले गेले. बंडखोराचे नावही अखेर बाजारात माल होऊन पडले.

याचा अर्थ अलीला देव्हाऱ्यात बसवावे असा नव्हे. ते काम त्याच्या आंधळ्या भक्तांनी पुरेसे केले आहे. ज्या फ्रेझरने बंदीच्या काळात अलीला परवाना परत मिळावा म्हणून खटपट केली, त्या फ्रेझरला त्याने गोऱ्यांचा गुलाम ठरविले, माकडाची उपमा दिली. एका काळ्या श्रमिकाने दुसऱ्या काळ्या श्रमिकाला वर्णद्वेष्ट्यांच्या भाषेत हिणवावे, यापरते दुर्दैव नाही. 1974 मध्ये त्याची आणि फोरमनची लढत किन्शासात झाली, ती मोबुटूच्या पैशावर. लुमुंबाला पदच्युत करून सत्तेवर चढलेल्या या हुकूमशहाने गरीब झाईरच्या तिजोरीतून प्रत्येकी पन्नास लाख डॉलर मोजले. 1975 मध्ये फ्रेझरबरोबरची तिसरी लढत मनिलाजवळ झाली, तेव्हा फिलिपाइन्समध्ये मार्कोसचा लष्करी कायदा चालू होता. 1980 च्या प्रारंभी अली भारतात होता, तेथूनच राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्याला मॉस्को ऑलिम्पिकवरील बहिष्काराच्या प्रचारासाठी आफ्रिकेत धाडले. टांझानियाचे न्येरेरे यांनी त्याला भेटण्याचेही नाकारले. दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावरून 1976 मध्ये आफ्रिकी राष्ट्रांनी मॉन्ट्रियलवर बहिष्कार घातला तेव्हा अमेरिका कोठे होती, या प्रश्नापुढे अली निरुत्तर झाला. एकटा माणूस, मग तो कितीही मोठा असो, संघटनेच्या आधाराविना व्यवस्थेशी फार काळ झुंजू शकत नाही. ती त्याला चिरडते, नाही तर वापरते. अलीच्या बाबतीत तिने दोन्ही केले.

मोबुटू गेला, मार्कोस गेला; परंतु त्यांची जागा रिकामी राहिली नाही. 18 मे 2024 रोजी युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्यूरीला हरवून हेवीवेटची चारही प्रमुख पदे एकत्र केली, ती सौदी अरेबियातील रियाध येथे. त्या राजवटीत कामगारांना संघटना स्थापण्याचा हक्क नाही आणि मतभेदाला तुरुंगाची वाट दाखविली जाते. तेलाच्या पैशाने तिने जगातील मोठमोठ्या लढती आपल्या अंगणात आणल्या. उसिकच्या कौशल्याला वंदन करावे तेवढे थोडे. पण त्या रात्री जगाने कोणाच्या दिवाणखान्यात बसून तो खेळ पाहिला, हेही ध्यानात ठेवावे.

अली ज्या लुटीला बळी पडला तिला आळा घालण्यासाठी अमेरिकेत 2000 मध्ये त्याच्याच नावाने एक कायदा झाला. प्रवर्तकानेच व्यवस्थापक होऊ नये, लढतीतून किती पैसा मिळाला हे मुष्टियोद्ध्याला कळावे, एवढ्या माफक तरतुदी त्यात होत्या. 2025 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात त्यात बदल करणारे विधेयक आले. गुणवत्ताक्रम, अजिंक्यपदे आणि लढतींचे आयोजन हे सारे एकाच छत्राखाली चालविण्याची मुभा त्यात योजिली होती. त्याच वर्षी टीकेओ या कंपनीने सौदी भांडवलाच्या साथीने नव्या मुष्टियुद्ध संस्थेची घोषणा केली होती. किमान मानधनाची आणि वैद्यकीय विम्याची गोड गोळी विधेयकात होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या हाती सारे सामने, सारी पदे आणि सारी क्रमवारी, त्याच्याशी एकटा मुष्टियोद्धा सौदा तो काय करणार? याच कंपनीच्या यूएफसी या शाखेवर लढवय्यांचे मानधन दाबून ठेवल्याचा दावा होता आणि तो मिटविण्यासाठी 37 कोटी 50 लाख डॉलर देण्यास 2025 मध्येच न्यायालयाने मान्यता दिली. अलीच्या नावाने झालेले संरक्षण अलीच्याच नावाने सैल करायचे, याहून वारशाची मोठी विटंबना कोणती?

मुष्टियुद्धावर बंदी घालावी, असे काही सज्जन म्हणतात. ठोशांनी मेंदूला होणारी इजा डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्येच नोंदविली होती, हे पाहता त्यांची चीड समजू शकते. पण बंदीने दारिद्र्य हटत नाही. खेळ फक्त चोरवाटेला लागतो, जेथे डॉक्टरही नसतो. 1982 मध्ये दक्षिण कोरियाच्या ड्यूक कू किमचा लास व्हेगासमधील लढतीनंतर मृत्यू झाला, तेव्हा पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या. कॅलिफोर्नियाने तिकिटांवरील लहानशा आकारणीतून मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला. म्हणजे इच्छा असेल तर नियम बदलता येतात, पैसाही उभा राहतो. मग प्रवर्तकाच्या दाबाखाली नसलेले डॉक्टर, प्रत्येक लढतीचा उघडा हिशेब, प्रत्येक तिकिटातून निवृत्तिवेतन आणि या सर्वांची हमी देणारी मुष्टियोद्ध्यांची संघटना, या मागण्या अशक्य कशा?

पुढच्या अजिंक्यपदाच्या लढतीची चर्चा शौकिनांनी खुशाल करावी. खेळावर प्रेम करणे हा गुन्हा नाही. धैर्य आणि कौशल्य पाहून अंगावर रोमांच उभे राहणे ही माणुसकीच आहे. पण ज्या दिवशी कोण जिंकेल या प्रश्नाबरोबरच या लढतीचे पैसे कोणाच्या खिशात जाणार आणि वीस वर्षांनी या दोघांना नीट बोलता येईल का, हे प्रश्नही शौकीन विचारू लागतील, त्या दिवशी महंमद अलीचा वारसा त्यांना कळला असे म्हणता येईल. तोवर त्यांचा वाद हा प्रवर्तकाची फुकट जाहिरात आहे, आणि ती करण्याबद्दल प्रवर्तक त्यांच्याकडूनच तिकिटाचे पैसे घेतो.