परीक्षा कशाची?

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासून घेण्याचा घाट घातला. पुरेशी पूर्वतयारी नव्हती. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल रखडले, उत्तरपत्रिका गहाळ झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. चर्चा झाली ती विलंबाची. त्या १७ लाख उत्तरपत्रिकांत विद्यार्थ्यांकडून नेमके काय मागितले होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली, ती मूलतः परीक्षा घेणारी यंत्रे म्हणून. शिकवावे महाविद्यालयांनी, पारखावे विद्यापीठाने, ही फाळणी संलग्न महाविद्यालयांच्या पद्धतीत अजून कायम आहे. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची, असा निर्वाळा राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच दिला होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) अंतर्गत व सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा आग्रह धरला. राज्यकर्त्यांनी शिफारशीचे नाव तेवढे उचलले.

अंतर्गत गुण आले. पण ते देणार कोण? अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक. त्याला मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. साठ निबंध घरी नेऊन वाचण्याचा नव्हे. पुढील वर्षीची नेमणूक संस्थाचालकाच्या हाती आणि संस्थाचालकाला हवा असतो जाहिरातीत छापण्याजोगा निकाल. अशा माणसाने निर्भीडपणे गुण द्यावेत ही अपेक्षा ढोंगीपणाची आहे. विज्ञान शाखेत तर प्रयोगाचे आकडे आधी ठरतात आणि प्रयोग नंतर होतो. गतवर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल उतरवून काढणे हीच प्रयोगशाळेतील खरी कारागिरी होऊन बसली आहे.

मग उद्योगपती तक्रार करतात की पदवीधर नोकरीला लायक नाहीत. ही तक्रार करणारा वर्ग आपल्या कारखान्यातील प्रशिक्षणाचा खर्चही विद्यापीठाच्या, म्हणजे जनतेच्या, माथी मारू पाहतो. त्याला हवे असलेले कौशल्य एका यंत्रापुरते असते. यंत्र बदलले की माणूस निकामी. पदवीधराची क्षमता त्याहून मोठी आहे. अनोळखी ताळेबंद वाचता येणे, छापील दाव्यामागील पुरावा तपासता येणे, आपले म्हणणे स्वतःच्या भाषेत पानभर नीट मांडता येणे. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलीला हे शिकवणीवर्गात विकत घेता येत नाही. तिच्यापुरते ते वर्गातच मिळाले पाहिजे. ठरलेल्या दहा प्रश्नांची मार्गदर्शिका पाठ करून उत्तीर्ण होण्याची सोय करून देणारी प्रश्नपत्रिका तिचीच सर्वाधिक फसवणूक करते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, ही कोठारी आयोगाची शिफारस; २०२० च्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला, पण मधल्या अर्धशतकात तो कधीच गाठला गेला नाही. रिक्त पदे पूर्णवेळ भरा, एका परीक्षकाकडे किती उत्तरपत्रिका द्यावयाच्या याला मर्यादा घाला आणि तपासलेली उत्तरपत्रिका शेऱ्यांसह विद्यार्थ्याला परत द्या, या मागण्या विद्यार्थी व प्राध्यापक संघटनांनी एकत्र लढविल्या पाहिजेत. स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. मात्र शुल्क भरून मिळविलेल्या त्या प्रतीवर बहुधा नुसते आकडे असतात. उत्तर कोठे व का चुकले, हे सांगणारे एक वाक्यही नसते.