अद्याप सापडलेला नाही

चुंबकाचा धडा झाला की मुलांच्या वहीत दोन वाक्ये एकाखाली एक उतरतात. ‘चुंबकाचे ध्रुव एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.’ ‘एकटा ध्रुव अस्तित्वात नसतो.’ पहिले वाक्य दुसऱ्याचे कारण असावे अशा थाटात ती शिकवली जातात आणि सारख्याच ठामपणे पाठ होतात. वास्तविक ही दोन निराळी विधाने आहेत. पहिल्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. दुसरे मुळात सिद्धच झालेले नाही. हा फरक न सांगता धडा संपवणे म्हणजे दाणा बाजूला ठेवून मुलांच्या हाती टरफल देणे होय.

पहिले वाक्य घेऊ. १२६९ साली इटलीतल्या लुचेरा शहराला वेढा पडलेला असताना पिएर द मारिकूर या फ्रेंच विद्वानाने लष्करी तळावरून एक पत्र लिहिले. चुंबकदगड तोडला की प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही ध्रुव येतात, ही नोंद त्यात आहे. असे का होते, हे कळायला मात्र साडेपाचशे वर्षे गेली. १८२० मध्ये ओर्स्टेडला वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळलेली दिसली आणि त्या धाग्यावरून अँपिअरने ओळखले की चुंबकत्व हे फिरत्या विजेचे कार्य आहे. पट्टीच्या एका टोकाला उत्तरेचे द्रव्य आणि दुसऱ्या टोकाला दक्षिणेचे, असे काही भरून ठेवलेले नसते. तिच्यातला एकेक इलेक्ट्रॉनच दोन ध्रुवांचा चिमुकला चुंबक असतो. भाकरीचा कितीही लहान तुकडा मोडा, त्याला वरची आणि खालची बाजू राहणारच. तेव्हा चुंबक कापून एकटा ध्रुव कधीच मिळणार नाही. इथे ‘कधीच’ म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या वाक्याला तो अधिकार नाही. विद्युतचुंबकत्वाचे सारे शास्त्र मॅक्सवेलच्या चार समीकरणांत सामावते. विद्युतक्षेत्राच्या रेषा प्रभारापासून निघतात किंवा प्रभारापाशी संपतात, असे त्यांतले एक समीकरण सांगते. चुंबकक्षेत्राचे समीकरण अगदी त्याच घडणीचे आहे, फक्त प्रभाराच्या जागी तिथे शून्य आहे. हे शून्य कुठल्या तर्काने सिद्ध झालेले नाही. चुंबकी प्रभार, म्हणजेच एकटा ध्रुव, कोणाला आढळला नाही, म्हणून ते लिहिले आहे. उद्या तो आढळला, तर शून्याच्या जागी त्याला बसवावे लागेल, फॅरडेच्या नियमात चुंबकी प्रवाहाची भर घालावी लागेल, आणि समीकरणे मोडणार तर नाहीतच, उलट आजच्यापेक्षा सुडौल होतील.

१९३१ मध्ये पॉल डिरॅकने आणखी खोलवरची गोष्ट दाखवली. विश्वात कुठेही एक जरी चुंबकी एकध्रुव असेल, तर पुंजभौतिकीच्या नियमांनुसार प्रत्येक विद्युतप्रभार एका ठराविक मापाच्या पूर्ण पटीतच असावा लागतो. निसर्गात आपल्याला नेमके तेच दिसते. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन इतके भिन्न कण, पण त्यांचे प्रभार मापाने तंतोतंत सारखे. या कोड्याचे इतके स्वच्छ उत्तर एका न सापडलेल्या कणाने द्यावे, ही विलक्षण गोष्ट आहे. आपल्या मेघनाद साहांनी १९३६ मध्ये केवळ कोनीय संवेगाच्या विचारातून डिरॅकचाच निष्कर्ष काढून दाखवला. हे नाव तरी आपल्या मुलांच्या कानावर पडायला हवे.

शोधही मनापासून झाला. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आणि जपानी शास्त्रज्ञांनी प्रोटॉनचा ऱ्हास टिपण्यासाठी उपकरणे मांडली होती. त्यांतून एकध्रुवाचाही माग काढला गेला. इटलीत ग्रान सासो पर्वताखाली १९८९ ते २००० या काळात एक प्रचंड शोधयंत्र एकध्रुवाची वाट पाहत होते. जिनिव्हाजवळच्या महाकाय कणत्वरकावर याच कामासाठी वेगळा प्रयोग मांडलेला आहे. हाती काही आले नाही. खुद्द डिरॅकनेही १९८१ मध्ये अब्दुस सलाम यांना लिहिलेल्या पत्रात एकध्रुव नसावेत याच मताकडे आपण झुकल्याचे कळवले.

आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १४ फेब्रुवारी १९८२ रोजी, स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्लास काब्रेरा यांच्या प्रयोगशाळेत आलेखावरची रेषा एकदम वर सरकली. अवघ्या पाच सेंटिमीटर व्यासाचे, चार वेढ्यांचे अतिवाहक तारेचे वेटोळे त्यांनी एकध्रुवाच्या वाटेवर राखणीला बसवले होते. डिरॅकच्या मापाचा एक एकध्रुव त्यातून पार झाला तर रेषा जितकी उडी घेईल, जवळपास तेवढीच उडी होती. काब्रेरांनी शोध लागल्याची दवंडी पिटली नाही. संभाव्य घटना एक, एवढेच लिहून ते अधिक मोठी वेटोळी बांधायला बसले. तशी उडी पुन्हा कधी दिसली नाही, आणि म्हणून आजही ती शोध म्हणून गणली जात नाही. ‘मला दिसले’ आणि ‘ते आहे’ या दोहोंमधले अंतर त्या माणसाने पाळले. ‘मला दिसले नाही’ आणि ‘ते नाही’ यांच्यातही तेवढेच अंतर आहे, आणि ते आपण वर्गात पाळत नाही.

शंभरात नव्याण्णव मुले पुढे भौतिकशास्त्राकडे वळणार नाहीत. पण कोणते विधान कारणानिशी ठाम आहे आणि कोणते केवळ आजवरच्या अनुभवावर उभे आहे, हे ओळखण्याची सवय त्या सर्वांना जन्मभर लागणार आहे. पट्टीचुंबकाइतके स्वस्त आणि सोपे साधन त्यासाठी दुसरे नाही. म्हणून शिक्षकांना विनंती आहे. पहिले वाक्य आहे तसेच राहू द्या आणि त्याचे कारण सांगा. दुसरे पुसून फळ्यावर लिहा: एकटा ध्रुव अद्याप सापडलेला नाही.