आठ तोळ्यांची रॅकेट

जळगाव हे सोन्याचं गाव. इथं वजनाविषयी कुणी ढिलं बोलत नाही. सराफाच्या काट्यावरचा आकडा जरा हलला तरी समोर बसलेल्या गिऱ्हाइकाची भुवई हलते. नोकरीतून मोकळा होऊन अशा गावात राहिल्यामुळे असेल, पण तीन वर्षांपूर्वी मुलीनं पुण्याहून पाठवलेली बॅडमिंटनची रॅकेट हातात घेतली तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो वजनाचाच. मुठीच्या वर बारीक अक्षरांत ‘४यू’ असं लिहिलेलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याचा अर्थ ८० ते ८४ ग्रॅम. बाजारातला दहा ग्रॅमचा तोळा धरला तर आठ तोळे आणि वर किरकोळ. जे फूल तिनं मारायचं ते पाच ग्रॅमचं, म्हणजे अर्धा तोळा!

या आठ तोळ्यांनी आमच्या घरात जी उलथापालथ केली तिच्याविषयी आज लिहायचं आहे. कारण ही हलकी रॅकेट आज घरोघरी घेतली जाते खरी, पण ती चुकीच्या कारणासाठी घेतली जाते, असं माझं मत झालं आहे.

मागचं थोडं सांगतो. १९८४ साली बँकेनं माझी बदली धुळ्याला केली. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या जागेत चुन्यानं कोर्ट आखलेलं होतं. डे-बुक जुळलं की आम्ही सात-आठ जण तिथं जमायचो आणि वारा पडायची वाट बघत बसायचो. खान्देशातला उन्हाळ्याचा वारा काय असतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको. फूल इकडून मारावं आणि ते आपल्याच डोक्यावर परत यावं, असा प्रकार. खेळायचं साहित्य म्हणजे कुणीतरी पूर्वी घेऊन ठेवलेल्या लाकडी रॅकेटी. खेळ संपला की त्या चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवायच्या, नाहीतर पावसाळ्यात पापडासारख्या वाकायच्या. वजन सव्वाशे ग्रॅमच्या पुढेच असणार. त्या दिवसांत हा आकडा कुणी विचारत नसे. दंडाला रग लागली की खेळ झाला, असं समजायचं.

कोर्टाच्या कडेला एक बाक होता. त्यावर आमची बायकामंडळी बसायची. एका संध्याकाळी आमच्या सौ.नं विचारलं, “मी खेळून बघू का?” मी म्हणालो, “जड असते ती, तुला झेपायची नाही. खांदा दुखेल.” ती काही बोलली नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण काळजी घेतली असंच वाटलं असणार.

आता त्या वर्षांतला दुसरा हिशेब. धुळ्यात तेव्हा आमच्या नळाला पाणी दोन-तीन दिवसांआड यायचं, तेही खालच्या मजल्यापुरतं. वरच्या मजल्यावर ते हंड्यानं न्यायचं. न्यायचं म्हणजे अर्थात तिनं. भरलेला हंडा साडेबारा किलोंचा धरला तर तो त्या लाकडी रॅकेटीच्या शंभर पट होतो. जी बाई सकाळी सहा-सात हंडे जिन्यानं चढवून नेत होती तिला संध्याकाळी सव्वाशे ग्रॅम झेपणार नाहीत, असं मी, आयुष्यभर बेरजा-वजाबाक्या तपासून सह्या करणारा माणूस, सरळ चेहऱ्यानं सांगत होतो. ही चूक माझ्या लक्षात यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

लाकडी रॅकेट बायकांच्या हातात चालत नव्हती असंही नाही. ज्येष्ठ क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी १९४० च्या दशकात पुण्याहून जाऊन देशभरातल्या स्पर्धा गाजवल्या त्या लाकडी रॅकेटींनीच. पुढे मुंबईची अमी घिया सात वेळा राष्ट्रीय विजेती झाली आणि १९७८ मध्ये एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कंवल ठाकूर सिंग हिच्याबरोबर दुहेरीचं कांस्यपदक घेऊन आली. वर्तमानपत्रं आम्हीही वाचत होतो, पण ती बातमी आमच्या बाकापर्यंत कधी पोचली नाही.

आता आजच्या दुकानात चला. दर सुट्टीत मी हे दृश्य बघतो. बाप मुलाला घेऊन येतो आणि विचारतो, “यातली सगळ्यात फास्ट कोणती?” दुकानदार सगळ्यात हलकी, सगळ्यात महाग आणि दांडीला सगळ्यात ताठ असलेली पुढे करतो. वर सांगतो, आपला सात्विकसाईराज रंकीरेड्डी ताशी ५६५ किलोमीटर वेगानं स्मॅश मारतो! ते खरं आहे. २०२३ साली जपानमध्ये त्याचा तो विक्रम नोंदला गेला. या वेगानं जळगावहून निघालं तर एरंडोल, पारोळा करत दहा मिनिटांत धुळं येईल. एस.टी.ला अडीच तास लागतात. ऐकून कुठल्या बापाचा हात खिशाकडे जाणार नाही?

पण हा वेग मोजतात तो फूल तातीवरून सुटतं त्या क्षणाचा. त्याची सोळा पिसं पुढच्याच क्षणी वारा धरतात आणि चव्वेचाळीस फुटांचं कोर्ट ओलांडेपर्यंत ते पार मंदावतं. आणि मुळात तो वेग रॅकेटीच्या हलकेपणातून येत नाही. तो पायांतून, कमरेतून, खांद्यातून चढत मनगटात येतो. रॅकेट फक्त त्याला वाट देते. फार हलकी रॅकेट भरकन फिरते, पण फुलाच्या मागे लागणारं वजन तिच्यात उरत नाही. म्हणून तर जोरकस मारणारे खेळाडू बऱ्याचदा चार-पाच ग्रॅम जास्तीची, डोक्याकडे वजन असलेली रॅकेट पसंत करतात. वजन काट्यावर कळतं, तोल हातात घेतल्यावरच कळतो. एकाच वजनाच्या दोन रॅकेटी, एक डोक्याकडे जड आणि एक मुठीकडे, हातात घेतल्या तर जणू दोन वेगळ्या वजनांच्या वाटतात.

आणि वेगच सगळं असता तर १९८० साली ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात प्रकाश पदुकोणनं लीम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलंच नसतं. किंग उडी मारून स्मॅश मारायचा. प्रकाशनं त्याला मारायला हवं तसं फूलच दिलं नाही. त्याच्याही आधी, १९५६ साली मलायातली सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशातलं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झालेले आपले नंदू नाटेकर. सांगलीत जन्मलेल्या या माणसाचं नाव निघालं की लोक आजही बोलतात ते त्याच्या फसव्या, नाजूक फटक्यांविषयी.

मग हलक्या रॅकेटीचा फायदा काय? फायदा आहे, आणि तो मोठा आहे. ती हात उचलायला वेळ देते. समोरून अंगावर आलेलं फूल अडवायला पाव सेकंदसुद्धा नसतो. तिथं जड रॅकेट अर्ध्या वाटेत असते आणि हलकी पोचलेली असते. दुसरं म्हणजे, तासाभराच्या खेळात हात शेकडो वेळा डोक्यावर जातो. दर खेपेला चाळीस ग्रॅम वाचले तर एकूण हिशेब खांद्याच्या खात्यात जमा होतो. म्हणजे ही रॅकेट सर्वांत जास्त उपयोगी कुणाला? दहा वर्षांच्या पोराला, चाळिशीत पहिल्यांदा खेळायला आलेल्या बाईला आणि माझ्यासारख्या, खांदा आखडल्यामुळे सदऱ्याची बाही चढवतानाही कण्हणाऱ्या म्हाताऱ्याला. ज्यांना पूर्वी खेळाच्या बाहेर बसवलं जायचं त्यांना. आपण मात्र तिला तोफ समजून विकत घेतो.

माझी रॅकेट आली तेव्हा तिच्याबरोबर दुसरीही होती. मुलीनं चिठ्ठीत लिहिलं होतं, “दुसरी आईची.” आईचं वय तेव्हा साठ. पहिल्या महिन्यात माझी फजिती झाली. लाकडी रॅकेटीची सवय असलेला हात फूल यायच्या आधीच फिरून मोकळा व्हायचा. मोडायला मुळात तिला जुनी सवयच नव्हती. ती फुलाकडे बघायची आणि मारायची. सहा महिन्यांत अशी वेळ आली की हॉलवरचा राखणदार मला दारातच विचारायचा, “काय साहेब, आज बी हारनात का?”

एकदा घरी येताना मी तिला धुळ्याच्या बाकाची आठवण काढून विचारलं, तेव्हा खेळायला हवं होतंस ना? ती म्हणाली, “हवं होतं. पण तुम्ही रॅकेट जड आहे म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.” यावर काय बोलणार? पुढचा रस्ता आम्ही मुकाट्यानं चाललो.

रॅकेटीचं वजन उतरलं, बाकीचं उतरलेलं नाही. आमच्या भागातल्या एका हॉलवर संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ पुरुष सभासदांची आहे. मुली आणि महिलांसाठी दुपारी दोन ते चार. मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि हॉलचं छप्पर पत्र्याचं आहे. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. त्या वेळेला कोण येणार? मग वर्षअखेरीला म्हणायचं, महिलांचा प्रतिसाद नाही. हे १९८४ चंच वाक्य आहे, फक्त नवीन लेटरहेडवर. सायना नेहवालनं २०१२ साली लंडनहून कांस्य आणि सिंधूनं २०१६ साली रिओहून रौप्यपदक आणल्यावर आपण पेढे वाटले. आता संध्याकाळचा एक तास वाटायला काय हरकत आहे?

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे. मुलासाठी, आणि आवर्जून मुलीसाठी, ८० ते ८५ ग्रॅमची, लवचिक दांडीची, मध्यम किमतीची रॅकेट घ्या. ताती बावीस-चोवीस पाउंडांवर ओढलेल्या असल्या तरी नवशिक्याला पुष्कळ होतं. मोठ्या खेळाडूंचं बघून अठ्ठावीस-तीसवर ओढल्या तर फूल जात नाही, उलट कोपर दुखायला लागतं. उरलेल्या पैशांत नायलॉनची फुलं घ्या, पिसांची फुलं रोज फोडणं सगळ्यांना परवडत नाही. शाळांना सांगा की सभागृहं संध्याकाळी उघडी ठेवा. आणि घरात कुणी “मी खेळून बघू का?” असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी रॅकेट त्याच्या, किंवा तिच्या, हातात द्या. जड आहे की हलकी ते तिचं तिला ठरवू द्या.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या चौदा जणींनी त्या हॉलच्या समितीला अर्ज दिला. संध्याकाळी सहा ते सात हा तास मिळावा, एवढीच मागणी. मसुदा मी करून दिला, अर्ज लिहिण्याचा अनुभव आहे म्हणून. पहिली सही सौ.ची. “विचार करू” असं उत्तर आलं आहे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे या दोन शब्दांचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. तो मी तिला समजावून सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वर तिच्या हातानं लिहिलेलं होतं : स्मरणपत्र क्रमांक एक.