प्लगइन पुरे, ट्रॅक संपवा

माझ्या ओळखीत ट्रॅक बनवणारी बरीच पोरं आहेत. नोकरी करून रात्री जेमतेम दोन तास मिळतात, ते जातात प्लगइन शोधण्यात. ८ बारचा लूप झकास असतो, तोच महिनाभर फिरतो. 'आवाज अजून फॅट हवा' म्हणून पुढचं सॅम्पल पॅक! माझ्या मते हा छंद शॉपिंगचा झाला.

१९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी दहा रागांचा अख्खा अल्बम तीन रोलंड यंत्रांवर केला: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. (स्वस्त नव्हती, मान्य. पण तीनच होती.) टीबी-३०३ तर गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं, बाजारात पडलं. मग शिकागोच्या 'फ्युचर' या ग्रुपनं त्याचे नॉब भलतेच पिळले आणि १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' आला.

तुमच्या लॅपटॉपवर एलएमएमएस फुकट चालतं. त्यातला एकच सिंथ धरा. कटऑफ आणि एन्व्हलप हाताला बसेपर्यंत दुसरा उघडू नका. लूप कॉपी करून तीन मिनिटं भरा, मग काढत चला: इथे किक, तिथे बेस. मांडणी अशीच सापडते.

आणि मिक्स फोनच्या स्पीकरवर ऐकाच, लोक तिथेच ऐकणार आहेत. ५० हर्ट्झचा बेस तिथे गायब होतो. व्हॉल्यूम वाढवून तो येत नाही. थोडं सॅच्युरेशन द्या, वरचे हार्मोनिक्स उठतात आणि बेस कानाला कळतो.