परकी भांडवल आणि आपला कामगार

परकी भांडवल देशांत यावें कीं न यावें, या वादांत आमच्या विद्वानांचे दोन तट फार दिवसांपासून पडलेले आहेत. एक पक्ष त्यास कामधेनु समजतो, तर दुसरा पूतनामावशी. आमच्या मतें दोन्ही पक्ष मुख्य प्रश्नास बगल देतात. जकातीचें आणि परवान्याचें धोरण फिरलें म्हणजे भांडवलास पाय फुटतात. कामगाराचे पाय मात्र गांवींच अडकलेले असतात.

उदाहरणें आपल्या अंगणांतलींच घेऊं. १९२२ सालीं सरकारनें परदेशी काड्यापेट्यांवरील जकात वाढवून ग्रोसमागें दीड रुपया केली. हेतु महसुलाचा होता. परंतु माल बाहेरून आणणें परवडेना, तेव्हां स्वीडनच्या कंपनीनें जकातीच्या भिंतीआंतच कारखाने उभारले. अंबरनाथचा ‘विमको’चा कारखाना हें त्याचेंच फळ. लोकांस काम मिळालें हें खरें. पण दाराबाहेरचा स्पर्धक घरांत शिरला, ही लहान देशी कारखानदारांची तक्रारही खोटी नव्हती.

दुसरें उदाहरण शिवडीचें. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं तेथें सुट्या भागांची जुळणी करून मोटारी तयार करण्यास आरंभ केला. स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९५३ सालीं, जकात आयोगाच्या शिफारशीवरून, भाग येथेंच बनविण्याची योजना असेल त्यासच परवानगी द्यावयाची, असें ठरविलें. धोरण योग्यच होतें. कंपनीनें १९५४ सालीं गाशा गुंडाळला.

१९९१ नंतरच्या उदार धोरणांत हीच कंपनी परत आली, आणि २००८ सालीं तळेगांवास तिचा कारखाना सुरू झाला. पुढें कंपनीनें आपल्या हिशेबानें तो विकावयास काढला. जानेवारी २०२० मध्यें चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशीं विक्रीचें ठरलें. एप्रिलमध्यें शेजारी देशांच्या गुंतवणुकीस सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. जूनमध्यें गलवानची चकमक घडली. परवानगी आलीच नाहीं, आणि २०२२ सालीं व्यवहार बारगळला. दरम्यान डिसेंबर २०२० पासून उत्पादन बंद पडलें होतें, आणि एक हजाराहून अधिक कामगार काम गमावून न्यायालयाचे उंबरठे झिजवीत होते. २०२३ सालीं कोरियाच्या ह्युंदाई कंपनीनें कारखाना घेण्याचा करार केला. जमिनीस व यंत्रांस गिऱ्हाईक मिळालें. यंत्रें तीन वर्षें थांबूं शकतात, कारण त्यांस भूक नसते.

सीमेवर रक्त सांडलें असतां सरकारनें सावध राहूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा आक्षेप एवढाच कीं, राष्ट्राच्या हिताचा खर्च राष्ट्रानें सोसावा. तो एका तालुक्यांतील कांहीं कुटुंबांच्या चुलीवर टाकूं नये. ज्या हुकुमानें धोरण बदलेल, त्याच हुकुमांत काम जाणाऱ्यांच्या निर्वाहाची व नव्या कामाच्या शिक्षणाची तरतूद असावी. परकी कंपनीस जमीन आणि सवलती देतांना, ती निघून गेल्यास कामगारांचें देणें भागेल एवढी ठेव आधींच घ्यावी. घर भाड्यानें देतांना आपण अनामत घेतों. मग सारा तालुका कंपनीच्या भरंवशावर सोडतांना ती मागण्यास संकोच कसला?