‘अल्हम्दुलिल्लाह’ला किती गुण?

कमरेची गादी सरकलेल्या आमच्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, “दुखणं शून्य ते दहामध्ये किती?” उत्तर येतं, “अल्लाह का शुक्र है.” समोर फॉर्म घेऊन बसलेला मुलगा घाईत असतो. तो तिच्या तोंडाकडे बघून तीन लिहितो, फार तर चार. अशा आकड्यांची बेरीज होते, बेरजेचे टक्के निघतात आणि टक्क्यांवरून ठरतं की या बाईचं जगणं किती बिघडलंय. माझं भांडण त्या तीन-चाराशी आहे.

फॉर्म नकोत, असं मी म्हणत नाही. उलट, ते हवेतच. आपल्याकडे एमआरआयची फिल्म म्हणजे कोर्टाचा निकाल. पण 1994 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 माणसांचे एमआरआय काढले होते आणि त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त जणांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. फिल्म गादी दाखवते, हाल दाखवत नाही. एकसारख्या फिल्मवाल्या दोघांपैकी एक जण सायकल हाणतो आणि दुसऱ्याला सकाळी चप्पल पायात सरकवता येत नाही. हा फरक माणसाला विचारूनच कळतो. प्रश्न एवढाच, की काय विचारायचं आणि कसं.

सगळ्यात चालणारी प्रश्नावली इंग्लंडातल्या ऑस्वेस्ट्री या गावाच्या नावाची आहे, 1980 ची. तिच्यात दहा विभाग आहेत: दुखण्याची तीव्रता, स्वतःचं आवरणं, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, शरीरसंबंध, लोकांत मिसळणं आणि प्रवास. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पन्नास, मग टक्के. इथे गुण जास्त म्हणजे हाल जास्त. 20 टक्क्यांपर्यंत किरकोळ, 40 पर्यंत मध्यम, 60 पर्यंत गंभीर, आणि पुढे आणखी वाईट. ऑपरेशन करावं की थांबावं, या वादातला जगभरचा पुरावा असल्या आकड्यांवर उभा आहे. 2006 मध्ये गाजलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात 13 दवाखान्यांमधले 501 रुग्ण होते. तिथेही मुख्य मोजपट्ट्या दोनच, ही ऑस्वेस्ट्री आणि 36 प्रश्नांचा एक सर्वसाधारण फॉर्म.

बी.एड.च्या मूल्यमापनाच्या पेपरासाठी आमच्याकडून दोन शब्द घोटून घेतले होते, विश्वसनीयता आणि सप्रमाणता. तराजू रोज तेच वजन दाखवतो, ही विश्वसनीयता. जे तोलायचं तेच पारड्यात आहे का, ही सप्रमाणता. उर्दू शाळेतल्या पोराला भूगोलाचा पेपर इंग्रजीत दिला, तर त्याचं इंग्रजी मोजलं जातं, भूगोल तसाच राहतो. हे पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला कळतं.

आता ही प्रश्नपत्रिका बघा. बसण्याचा पहिला पर्याय: कुठल्याही खुर्चीत हवा तेवढा वेळ बसता येतं. दुसरा: माझ्या आवडत्या खुर्चीत बसता येतं. आवडती खुर्ची! दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, तिथे खुर्ची असते ती पाहुण्यांसाठी, नाहीतर तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो. वजनाच्या प्रश्नात वजन सोयीने टेबलावर ठेवलेलं आहे. आमच्या बायकांचा हंडा नळाखाली जमिनीवर असतो. छत्तीस प्रश्नांचा फॉर्म तर विचारतो, व्हॅक्यूम क्लीनर ढकलता येतो का, गोल्फ खेळता येतं का. मालेगाव-भिवंडीत लूमवर बारा तास उभा राहणारा कारागीर यावर काय बोलणार? “नाही” म्हणेल. ते “नाही” दुखण्याचं की गरिबीचं, हे फॉर्मला कळायला मार्ग नाही.

आणि जे विचारायला हवं, ते तर विचारलंच जात नाही. मांडी घालून दस्तरखानावर बसता येतं का? देशी संडासात उकिडवं बसून कशाला न धरता उठता येतं का? मशीन जमिनीवर ठेवून शिवणकाम करणारीला किती वेळाने पाठ टेकावी लागते? वुजू करताना पाय धुवायला वाकता येतं का?

नमाजचं घ्या. पाच वेळच्या फक्त फर्ज धरल्या तरी 17 रकात होतात. म्हणजे रोज 17 वेळा रुकू आणि 34 सजदे, सुन्नत-नफिल वेगळ्या. वाकणं, गुडघे टेकणं, कपाळ जमिनीला लावणं, टाचांवर बसणं आणि तिथून सरळ उभं राहणं, अशी कमरेची अख्खी तपासणी दिवसातून पाच वेळा होते. फिजिओथेरपिस्टने एकदा एवढंच विचारावं, “सजद्यातून उठताना हात टेकावा लागतो का? कधीपासून?” अर्ध्या फॉर्मचं काम तिथे होईल.

गंमत अशी की शरीअतकडे स्वतःची मोजपट्टी आहे. उभं राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर कुशीवर निजून, इशाऱ्याने. कुणाला काय झेपतं ते पाहून लावलेली ही पायरीच की! पण आपण काय केलं? मशिदीत मागच्या सफीत खुर्ची टाकून बसलेल्या माणसाकडे बघून कुजबुज करतो: “चल तर व्यवस्थित रहा है.” चालता येणं आणि वाकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गादी सरकलेल्या कित्येकांना चालताना बरं वाटतं, बसताना आणि पुढे वाकताना पायात वीज उतरते. त्या कुजबुजीला घाबरून माणसं दात आवळून सजदे करत राहतात आणि डॉक्टरकडे जाऊन पुन्हा “शुक्र है” म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात जीवनमानाची प्रश्नावली केली. तिची व्याख्याच सांगते, की माणसाने आपल्या संस्कृतीच्या आणि मूल्यांच्या चौकटीत स्वतःच्या स्थितीकडे कसं पाहिलं, ते मोजायचं. पंधरा केंद्रांत काम झालं, त्यात दिल्ली आणि मद्रासही होतं. शंभर प्रश्नांच्या मोठ्या आवृत्तीत श्रद्धेचा स्वतंत्र विभाग आहे. दवाखान्यांच्या सोयीसाठी 26 प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली, तिच्यात तो विभाग मानसिक विभागात मिसळून गेला. सोय झाली खरी, कुणाची ते विचारू नका.

भाषेचं तर बोलायलाच नको. मी दोन भाषा शिकवते, म्हणून हे जास्त टोचतं. फॉर्मवर सौम्य, मध्यम, तीव्र. आमच्याकडे ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. उर्दूत टीस आहे, जलन आहे, झुनझुनी आहे. “टांग में करंट जाता” असं बाई म्हणते, तेव्हा तिने नस दबल्याचं अचूक वर्णन केलेलं असतं. “मध्यम” या शब्दात ते करंट विझतं.

आठव्या प्रश्नाचं, शरीरसंबंधाच्या, काय होतं ते मी पाहिलंय. आमच्या शेजारच्या खालांसोबत गेले होते. फॉर्म त्यांच्या मुलाच्या हातात दिला. तोच वाचत होता, तोच उत्तरं देत होता. आठव्यावर आला, कान लाल झाले आणि पान उलटलं. खाला भिंतीकडे बघत राहिल्या. विभाग रिकामा राहिला तर नियम असा की पन्नासऐवजी पंचेचाळीसपैकी टक्के काढायचे. म्हणजे या बाबतीतही तिला सरासरीइतकाच त्रास आहे, असं गृहीत धरलं जातं. हिशोब करून बघा. बाकीच्या नऊ विभागांत 18 गुण असतील तर 45 पैकी 40 टक्के, मध्यम. तिने खरं सांगितलं असतं आणि तिथे पाच पडले असते, तर 50 पैकी 23, म्हणजे 46 टक्के, गंभीर. एका शरमेने बाई एक पायरी खाली उतरते. बायकांचा फॉर्म बाईने, मुलाला आणि नवऱ्याला बाहेर बसवून भरून घ्यावा, यासाठी कुठलं बजेट लागतं?

याच प्रश्नावलीत 80 टक्क्यांच्या वर गेलेल्यांविषयी लिहिलंय, की हे रुग्ण एकतर अंथरुणाला खिळलेले असतात किंवा लक्षणं वाढवून सांगणारे. वाढवून सांगणाऱ्यांसाठी रकाना आहे. कमी करून सांगणाऱ्यांसाठी नाही. आमची अख्खी आळी त्या नसलेल्या रकान्यात राहते.

याला सब्र म्हणू नका. सब्र हा अल्लाहशी असलेला मामला आहे. डॉक्टरसमोर दुखणं लपवलं तर ती चुकीची माहिती. आलिमांनी जुम्याच्या बयानात हे पाच मिनिटं सांगितलं तरी पुरे. आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी जपानकडे बघावं. तिथल्या तज्ज्ञांच्या संघटनेने कंबरदुखीसाठी पंचवीस प्रश्नांची स्वतःची प्रश्नावली तयार केली, आपल्या रुग्णांवर तपासून. आपल्याकडे जमिनीवर बसून जगणारे कोट्यवधी आहेत, सगळ्या धर्मांचे. मांडी काय फक्त मुसलमान घालतात?

तोवर बायांनो, शुक्र जरूर म्हणा, पण त्याच्यापुढे एक वाक्य जोडा: रात्री किती वेळा जाग येते, हंडा कुठून कुठपर्यंत नेता येतो, कुठला पाय बधिर होतो. आणि बसण्याच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर ते शून्य ते दहामध्ये मोजायचं दुखणंच नाही. मणक्यातल्या खालच्या नसांचा जुडगा दबल्याची ती खूण आहे. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलात जा आणि हेच शब्द मोठ्याने उच्चारा, मुलगा शेजारी उभा असला तरी.